टॅबलेट आणि शब्दाचा अर्थ

दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या गावी संदर्भग्रंथालय नाही. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहण्यासाठी पूर्वी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागे. शिकागो विद्यापीठाने हे दोन्ही कोश संगणकीय रूपात खुले केल्यापासून ते टॅबलेटवर घरबसल्या उघडतात. माझ्या मते ही सोय फार मोठी आहे.

आक्षेप आहे तो तयार अर्थ आणि तयार उत्तरे पुरवणाऱ्या अ‍ॅपविषयी. ‘उदास’ हा शब्द घ्या. आज आपण तो ‘खिन्न’ या अर्थाने वापरतो. संतकाव्यात मात्र तो पुष्कळदा अलिप्त, निरपेक्ष अशा अर्थाने येतो. एकच प्रतिशब्द देणाऱ्या अ‍ॅपवर विसंबलात, तर विरक्तीचा अभंग तुम्हांला दुःखाचा वाटेल आणि सारे रसग्रहण त्या चुकीवर उभे राहील. कोशातील नोंद अनेक अर्थ पुढे ठेवते व त्यांतून संदर्भाला जुळणारा अर्थ निवडण्याचे काम वाचकावर सोडते. ते काम अ‍ॅपकडे सोपवू नये.

लेखनाबाबतही तेच. अर्धा शब्द टंकित होताच पडदा ऱ्हस्व-दीर्घासह पूर्ण शब्द सुचवतो (तो शुद्ध असतोच असे नाही!). हाताने लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत असे सुचवणारे कोणी नसते. म्हणून कठीण शब्दाचा अर्थ आधी संदर्भावरून ताडून समासात पेन्सिलीने लिहा आणि मगच टॅबलेटवर कोश उघडा. दोहोंत तफावत आढळली, तर ती ओळ पुन्हा वाचा.