चार हात भूमी आणि चाळीसची पाटी

गेल्या श्रावणात सहकुटुंब ताम्हिणीकडे निघालो होतो. पिरंगुट मागे पडले, रस्ता मोकळा झाला आणि गाडीचा काटा सत्तरच्या पुढे सरकला. पौडच्या अलीकडे पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी छत्री सावरीत रस्त्यात उतरली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि बॉनेटमध्ये जेमतेम दोन हातांचे अंतर उरले होते. मुलीने माझ्याकडे पाहिलेही नाही; छत्री सरळ केली आणि ती पलीकडे गेली. मागून सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "घाई कसली होती?" आम्ही धबधबा पाहायला चाललो होतो.

चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड असा ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरणारा हा रस्ता. वस्तीच्या हद्दीत वेगमर्यादा चाळीसवर आणावी, असे येथील अनेकांना वाटते. त्या प्रसंगानंतर जाता-येता मी लोकांशी मुद्दाम बोलू लागलो. एकमत मुळीच नाही. कामगारांची ने-आण करणारा एक चालक म्हणाला, "काका, पगार फेऱ्यांवर आहे. दहा मिनिटं उशीर झाला तर दंड मला, तुम्हाला नाही." किराणा दुकानदाराचे म्हणणे असे, की पाट्या आजही आहेत, पण त्यांवर वाढदिवसाचे फलक झळकतात. भाताच्या खाचरातून वर आलेल्या एका शेतकऱ्याने तर पुणेकरांना दोषमुक्तच केले. "आमचीच पोरं तिघं-तिघं बसून उलट्या बाजूनं येतात, त्यांना आधी आवरा." आणि म्हशी हाकणाऱ्या एका आजीबाईंनी सांगितले, की रविवारी रस्ता ओलांडण्यापेक्षा ओढा ओलांडलेला बरा.

शासनाकडून काही होत नाही असे पाहून गावकरी रात्रीत मातीचा वा डांबराचा उंचवटा घालतात. हा उपाय मला पटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत गतिरोधकाचे माप ठरलेले आहे : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर. घरगुती उंचवट्यावर रात्री दुचाकीस्वारच आधी पडतो, आणि तो बहुधा गावातलाच असतो.

कायद्याची वाट मात्र बंद नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्य शासन, किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, राजपत्रात अधिसूचना काढून आणि फलक लावून मर्यादा कमी करू शकतो. निर्बंध महिनाभरापुरताच असेल तर अधिसूचनेचीही गरज नसते. पावसाळी गर्दीच्या आठवड्यांसाठी एवढी तरतूद पुरेशी आहे.

बँकेतील सवयीने मी हिशेब मांडला. वाटेतील वस्त्यांचा भाग मिळून पाच किलोमीटर धरू. साठच्या वेगाने तो पाच मिनिटांत सरतो, चाळीसने साडेसात मिनिटांत. नुकसान अडीच मिनिटांचे. त्या चालकाच्या दहा मिनिटांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याचे वेळापत्रक बदलणे मालकाच्या हाती आहे, म्हशीचा वेग बदलणे कोणाच्याच हाती नाही.

आपल्या साधु-साध्वींना ईर्यासमिती सांगितली आहे : पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकनिशी, सुमारे ४५ मीटर, म्हणजे शंभर हात लागतात. चाळीसच्या वेगाला त्याच्या निम्म्याहून कमी. पिरंगुटच्या घाटवळणावर, धुक्यात, शंभर हात भूमी कोणाला दिसते? तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवले आहे. मारण्याचा हेतू नव्हता, हे माझे त्या दिवशीचे समर्थन तेथे टिकत नाही. ही समिती मुनींसाठी आहे, आपण श्रावक, असे एका स्नेह्यांनी मला सुनावले. खरे आहे. परंतु पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने विहार करणाऱ्या साध्वीजींच्या मागे परावर्तक जाकिटे घालून आपलेच तरुण चालतात, ते कोणाच्या गाड्यांच्या भयाने? त्यांत आपल्याही असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये लग्नाच्या वऱ्हाडाची खासगी बस याच ताम्हिणी घाटात उलटली आणि पाच जण दगावले. त्यानंतर काही दिवस सर्वांनी गाड्या हळू हाकल्या असतील.

एका गावातील मंडळींनी चाळीसच्या मागणीचा अर्ज मराठीत नीट लिहून मागितला. कलमांसह मी तो लिहून दिला. सह्या घेताना तो शेतकरी म्हणाला, "साहेब, तुम्ही इथले नाहीत; पण गाडी तुमचीही इथूनच जाते. करा सही." केली. गेल्या पंधरवड्यात त्याच रस्त्याने पुन्हा गेलो, चाळीसने. मागच्या गाड्यांनी पौडपर्यंत हॉर्न वाजवला.