चित्रांचें पुस्तक आणि घरांतील परीक्षक

अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या हातांत चित्रांचें पुस्तक पडलें कीं, घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी ना कोणी तत्काल परीक्षकाचें आसन ग्रहण करितो. "हें काय, सांग पाहूं?" मूल म्हणतें, "हत्ती." "शाबास! आणि हें?" "उंट." "इंग्रजींत काय म्हणतात?" येथपर्यंत मजल गेली म्हणजे मूल पान उलटतें, पुन्हां प्रश्न येतो, पुन्हां पान उलटतें, आणि पांचव्या-सहाव्या पानावर तें मांडीवरून उतरून चालूं लागतें. मग निर्णय देण्यांत येतो कीं, याला पुस्तकाची गोडी म्हणून नाहीं. आमचें नम्र मत असें आहे कीं, त्याला गोडी नाहीं ती परीक्षेची. आणि परीक्षेची गोडी असलेला मनुष्य आम्हांस उभ्या आयुष्यांत भेटलेला नाहीं. ज्यांचें सारें वय परीक्षा घेण्यांत गेलें त्यांनींच हें म्हणावें, याचें कोणास हंसूं येईल. परंतु परीक्षेची जागा शाळा होय, आजोबांची मांडी नव्हे.

ही खोड आपल्या शिकल्यासवरल्या घरांना कोठून लागली याचा विचार करूं लागलें म्हणजे अंकलिपीकडे बोट दाखवावें लागतें. अंकलिपीचे उपकार थोर आहेत. परंतु तींतील चित्र हें अक्षराच्या चाकरीस असतें. ‘ऐ’ शिकवावयाचा म्हणून ऐरण, ‘ए’ साठीं एडका, आणि ‘थ’ ची अडचण पडली म्हणून थडगें! जी वस्तु तीन वर्षांच्या बालकापुढें आपण होऊन कोणी नेणार नाहीं, ती केवळ वर्णमालेच्या सोयीसाठीं त्याच्यापुढें मांडावी लागते. या पद्धतीचें मूळ जुनें आहे. मोरेव्हियांत जन्मलेल्या योहान आमोस कोमेनियस या शिक्षकानें १६५८ मध्यें जर्मनीतील न्युरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पाठ्यपुस्तक छापविलें. त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थ ‘चित्रमय जगत्’ असाच कांहींसा होतो. पुण्याच्या चित्रशाळेनें १९१० मध्यें काढलेल्या मासिकाचें नांव ज्यांच्या स्मरणांत असेल त्यांना याची मौज वाटेल. कोमेनियसच्या पुस्तकांत चित्रांतील वस्तूंना आंकडे घातलेले असत, आणि शेजारीं त्याच आंकड्यांनिशीं त्या वस्तूंचीं नांवें लॅटिन व जर्मन भाषांत दिलेलीं असत. त्या काळीं हें मोठेंच पाऊल होतें. परंतु तें शाळेचें पुस्तक होतें, आणि शाळेचें पुस्तक ज्या रीतीनें हाताळावयाचें त्याच रीतीनें आपण आज घरांतील प्रत्येक चित्र हाताळीत आहों.

आपल्या परंपरेंत चित्र दाखविण्याची दुसरीही एक रीत होती. सातव्या शतकांतील बाणभट्टानें ‘हर्षचरिता’च्या पांचव्या उच्छ्वासांत एक यमपट्टिक वर्णिला आहे. पित्याच्या आजाराची वार्ता ऐकून हर्ष राजधानीस परत येत असतो. बाजाराच्या वाटेवर त्याला हा मनुष्य दिसतो. डाव्या हातीं काठ्यांवर ताणलेला चित्रपट, उजव्या हातीं बोरू. पटावर भीषण महिषावर आरूढ झालेला यमराज. आणि भोंवतीं कुतूहलानें दाटी केलेलीं मुलें! बाणाच्या कथेंत हा अपशकुनाच्या छायेचा प्रसंग आहे. पण आमची दृष्टि दर वेळीं त्या पोरांच्या घोळक्यावरच खिळते. यमाचें चित्र, नरकाचें वर्णन, आणि पोरें कांहीं केल्या हालत नाहींत. (चित्रांत वाघानें हरिण धरलेलें दिसलें कीं तें पान घाईनें उलटणाऱ्या आयांनीं हें ध्यानांत घ्यावें.) ही कला सर्वस्वीं लोपलेली नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील कलावंत आजही चित्रकथी सादर करितात. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्यें पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें क्रमानें लावलेली त्यांची ‘पोथी’ असते. एकेक चित्र पुढें धरावयाचें आणि वाद्यांच्या साथीनें त्याची कथा गाऊन सांगावयाची. तेथें शब्द चित्राच्या सेवेस येतो. श्रोत्यांपैकीं कोणास अक्षर येतें व कोणास येत नाहीं हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

तथापि एकानें सांगावें व इतरांनीं ऐकावें, इतक्यानेंही आमचें समाधान होत नाहीं. चित्र मिळून कसें पाहावें याचा आदर्श विदर्भाशीं नातें सांगणाऱ्या भवभूतीनें ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकांत घालून दिला आहे. जनक परत गेल्यामुळें सीता खिन्न आहे. तिचें मन रमावें म्हणून लक्ष्मण राम-सीतेला स्वतःच्याच पूर्वायुष्याचीं चित्रें दाखवावयास नेतो. तेथें काय काय घडतें पाहा. विवाहाच्या चित्रांत लक्ष्मण सर्वांचीं नांवें सांगतो आणि नेमकें उर्मिलेचें तेवढें गाळतो. सीता तें बरोबर हेरून, ही दुसरी कोण म्हणून थट्टेनें विचारिते. बिचारा लक्ष्मण लाजून भलत्याच चित्राकडे लक्ष वेधतो. पुढें शूर्पणखेचें चित्र येतांच सीता खरोखरच भिते आणि रामाला तिची समजूत घालावी लागते कीं हें चित्र आहे. आणि शेवटीं तीं अरण्यें, त्या नद्या पाहतां पाहतां तिला पुन्हां वनांत जाण्याचे डोहाळे लागतात. थट्टा, भय, स्मरण, इच्छा, सारें कांहीं त्या भिंतीपुढें उभ्या उभ्या झालें. कोणी कोणास ‘हें काय, सांग पाहूं’ असें विचारलें नाहीं. कारण जो विचारीत होता त्याला खरोखरच कांहीं जाणून घ्यावयाचें होतें.

मुलाशीं चित्र पाहतांना हाच भेद महत्त्वाचा आहे. ज्याचें उत्तर आपणांस आधींच ठाऊक आहे तो प्रश्न मूल लगेच ओळखतें आणि त्याला एका शब्दांत वाटेस लावितें. ज्याचें उत्तर आपणांस खरोखर नको आहे तो प्रश्न तर त्याच्या कानांतही शिरत नाहीं. आमच्या माहितीच्या एका घरीं नव्वदी उलटलेल्या एक पणजीबाई आहेत. जन्मभर त्यांनीं पोथ्या वाचल्या, पण आतां डोळे अधू झाले आहेत; अक्षर दिसत नाहीं, चित्राचे नुसते रंग कळतात. त्यांची साडेतीन वर्षांची पणती पुस्तक घेऊन सर्वांत अधिक वेळ बसते ती त्यांच्यापाशीं. "बाळ, इथं काय तांबडंतांबडं आहे ग? मला मेलीला कांहीं दिसत नाहीं," असें त्या विचारितात, आणि तें अक्षरशः खरें असल्यामुळें ती चिमुरडी जीव तोडून सांगूं लागते: हें तांबडं म्हणजे त्या मुलीचं परकर आहे, ती झाडावर चढली आहे, तिची आई तिला रागें भरणार आहे, पण अजून आईनं पाहिलेलं नाहीं. (‘परकर’ पुल्लिंगी, हें तिला कोणीं त्या क्षणीं सांगितलें नाहीं, याबद्दल त्या घराचें आम्हांस कौतुक वाटतें.) ‘पण अजून’ ही एवढी वाक्यरचना त्या वयाच्या तोंडीं येते ती नांवें विचारून येत नाहीं. ज्याला दिसत नाहीं त्याला दाखविण्याची जबाबदारी अंगावर पडली म्हणजे येते.

ज्यांना चांगलें दिसतें त्यांनींही थोडें कमी पाहावें. एका पुस्तकांतील गलबताची उंच डोलकाठी पाहून आमच्या सोलापूरचा एक बालक "नंदीध्वज!" म्हणून ओरडला. आतां मकरसंक्रांतीस सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज ज्यानें वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले, त्याला उंच काठी म्हणजे दुसरें काय वाटणार? समुद्र त्यानें पाहिलेला नाहीं. अशा वेळीं ‘चूक, ती डोलकाठी’ असें म्हटलें कीं एक शब्द मिळतो आणि संभाषण मरतें. त्याऐवजीं त्या घरच्या काकांनीं विचारलें, "मग धरणारी माणसं कुठं गेलीं रे?" पोरगा बराच वेळ चित्र न्याहाळीत राहिला, आणि स्वतःच म्हणाला, "माणसं नाहींत. दोऱ्या आहेत. पाणी आहे." डोलकाठी हा शब्द त्यानंतर आला, आणि घट्ट बसला.

आपल्या नगरीस आणखी एक सोय आहे, तिचा लाभ आपण घेत नाहीं. चित्राला भाषा नसते, आणि सोलापुरांत भाषांना तोटा नाहीं. एकाच चित्राला आजी मांजर म्हणते, शेजारच्या कानडी आजी बेक्कू म्हणतात, पूर्व भागांतून कामास येणाऱ्या तेलुगू मावशी पिल्ली म्हणतात. मुलाला यांत कांहींही गोंधळ वाटत नाहीं. गोंधळ वाटतो तो आपल्याला. इंग्रजी नांवही त्यांत येऊं द्यावें, आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती, इंग्रजी नांव आलें म्हणजे चित्र संपलें असें मानण्याची. ज्या घरांतील नातवंडें पुढें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाणार आहेत, त्यांचें मराठी नुसत्या नामांनीं तगणार नाहीं. ‘चढली’, ‘घसरली असती’, ‘हळूच डोकावते’, ‘उगीच रुसली’ हे प्रयोग त्यांना पुढें कोणताही वर्ग शिकविणार नाहीं; ते मांडीवरच मिळाले तर मिळाले. दहा वर्षांनीं आजीशीं त्या मुलाचें बोलणें ‘जेवलास का’ आणि ‘हो’ यापलीकडे जाईल कीं नाहीं, याचा निकाल पुष्कळसा येथेंच लागतो.

मोबाईलविषयीं लिहावयाचें तर मासिकाचीं सारीं पानें पुरणार नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें आहे कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलांना पडद्यापुढें बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाकाठीं एक तासाहून अधिक बसवूं नये. कमी तितकें बरें. आम्हांस त्यांत एवढेंच जोडावयाचें आहे कीं, पडद्यावरचें चित्र थांबत नाहीं, म्हणून त्याच्यापुढें बोलावयास जागा नसते. पुस्तकांतील बदक मुलाचें बोलणें पुरें होईपर्यंत हालत नाहीं. १९८८ मध्यें अमेरिकेंतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या आगेंमागें असलेल्या मुलांच्या कांहीं पालकांना त्यांनीं शिकविलें कीं, वाचतांना मुलाला बोलतें करावें, ‘हो-नाहीं’ चे प्रश्न टाळावे, मूल बोललें त्यांत थोडी भर घालून तें परत द्यावें. इतर पालक नेहमींप्रमाणें वाचीत राहिले. एका महिन्यानें घेतलेल्या चांचण्यांत पहिलीं मुलें बोलण्यांत दुसऱ्यांच्या कित्येक महिने पुढें गेलेलीं आढळलीं. वाचन दोन्हीं घरीं होत होतें. फरक बोलण्याचा होता.

पुस्तकें कोणतीं, असें विचारणारे वाचक असतातच. आपल्याकडे एके काळीं वाण होती हें खरें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं स्वतः चित्रें काढून १९१६ मध्यें ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलें. पण असा ग्रंथ बालकाच्या ओल्या हातीं कोण देणार? आज ती अडचण नाहीं. १९५७ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचीं स्वस्त पुस्तकें मराठींतही मिळतात. माधुरी पुरंदरे या स्वतः चित्रकार असलेल्या लेखिकेचा ‘राधाचं घर’ हा पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचा संच तर एकत्र कुटुंबांनीं अवश्य घ्यावा. त्यांत एक लहानगी आपल्या घरच्या माणसांची ओळख करून देते, आणि तो वाचतांना आपल्या घरचें मूल आपणांविषयीं काय काय पाहून ठेवीत असतें तें कळून अंमळ घाबरावयास होतें. मात्र एका वेळीं चार-पांचांहून अधिक पुस्तकें मुलापुढें मांडूं नयेत, आणि तेंच पुस्तक विसाव्यांदां आणलें तर कंटाळूं नये. आपण रोज तेंच स्तोत्र म्हणतों तेव्हां कोणी कंटाळत नाहीं.

राहिला प्रश्न फाडण्याचा. पुस्तक कांचेच्या कपाटांत कुलुपबंद ठेवूं नये. मुलाचा हात पोंचेल अशा फडताळांत ठेवावें. मग तें फाटणारच. फाटलें म्हणजे ओरडूं नये. दुपारच्या वेळीं मैद्याची खळ करावी आणि मुलाला शेजारीं बसवून पान जोडावें. चित्राचे तुकडे जुळवितांना ‘हा पाय कोणाचा’ हा प्रश्न प्रथमच खरा होतो. आणि एखादें पान कायमचेंच हरवलें असेल तर त्या जागीं आल्यावर आपण गप्प राहावें. तेथें काय होतें तें मूल सांगतें. पुष्कळदां मूळ पानाहून अधिक सांगतें.