डोंगर शांत, पायथा अशांत

२७ सप्टेंबर हा जागतिक पर्यटन दिन. नेपाळात हा दिवस दरवर्षी ट्रेकिंगच्या मुख्य हंगामाच्या तोंडावर येतो. पाऊस ओसरतो, आभाळ निवळते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्ट, अन्नपूर्णा, लांगटांगच्या वाटा गजबजतात. दिवाळीची सुट्टी साधून निघणारे मराठी ट्रेकरही त्यांत असतात. २०२५ मध्ये मात्र सॅक भरण्याआधी घरोघरी एकच प्रश्न निघत होता : अशा वेळी नेपाळला जावे का?

प्रश्न रास्त होता. समाजमाध्यमांवरील बंदीने पेटलेल्या तरुणांच्या आंदोलनावर ८ सप्टेंबरला गोळीबार झाला. त्या एका दिवसात १९ जणांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी संसद आणि सरकारी मुख्यालय असलेला सिंहदरबार जळाले, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद पडला आणि रस्त्यांवर लष्कर उतरले. शेकडो भारतीय पर्यटक अडकले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी सरकारची सूत्रे घेतली आणि ५ मार्च २०२६ ला निवडणूक जाहीर झाली. विमाने पुन्हा उडू लागली. तरीही निवडणुकीपर्यंतचा काळ नाजूक होता.

अशा काळात जाण्याचा निर्णय घेताना एक भेद नीट पाहायला हवा. काही ठिकाणी बाहेरून आलेला माणूसच हल्लेखोरांचे लक्ष्य असतो. १९९५ मध्ये काश्मीरमधील पहलगामच्या वरच्या रानातून सहा परदेशी पर्यटकांचे अपहरण झाले. एक निसटला, एकाची हत्या झाली, चौघांचा ठाव आजवर लागलेला नाही. जून २०१३ मध्ये नंगा पर्वताच्या तळछावणीत सुरक्षा दलाच्या गणवेशात शिरलेल्या बंदूकधाऱ्यांनी अकरा जणांना ठार केले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणावर २६ जण मारले गेले. त्यांतले काही महाराष्ट्रातले होते. असा धोका जिथे जिवंत आहे, तिथे ट्रेकरची कोणतीही तयारी पुरी पडत नाही. तिथे जाऊ नये, एवढेच उत्तर आहे.

नेपाळची गोष्ट वेगळी आहे. १९९६ ते २००६ या दशकभराच्या माओवादी यादवीत हजारो नेपाळी माणसे मेली. पण त्या काळातही डोंगरवाटांवर परदेशी ट्रेकरकडून चंदा घेऊन पावती देणारे माओवादी त्याला सहसा इजा करत नसत. २०२५ च्या आंदोलनाचा रोखही सत्तेवर आणि भ्रष्टाचारावर होता.

म्हणून नेपाळ सुरक्षित, असे मात्र कुणी समजू नये. हिमालयात माणसाला वाचवते ती त्याच्या मागे उभी असलेली साखळी. पाच हजार मीटरवर विरळ हवा बाधली, तर खरा इलाज ताबडतोब खाली उतरवणे हा असतो. त्यापुढे हेलिकॉप्टर, विमानतळ, काठमांडूचे रुग्णालय आणि तिथवर नेणारा मोकळा रस्ता लागतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये अन्नपूर्णा परिसरातल्या हिमवादळाने चाळीसहून अधिक बळी घेतले, तेव्हा देशात शांतता होती आणि बचाव पथके वर पोचू शकली. तसेच वादळ संचारबंदीच्या दिवशी आले तर? राजकारण डोंगरावर थेट मारत नाही. ते खालून मदतीचा हात तोडते.

तेव्हा विचारायचे ते परतीबद्दल. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामातून उतरायचा दुसरा मार्ग आहे का? काठमांडूचा रस्ता बंद झाला, तर पोखरातून सरहद्द गाठता येईल का? परतीच्या विमानाआधी तीन-चार दिवस राखून ठेवलेत का? विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि दंगलीमुळे होणारा खोळंबा, दोन्ही आहेत का? ही कलमे पैसे भरण्याआधी वाचावीत. भारतीयाला नेपाळात व्हिसा लागत नाही; ही सोय मोठी असली, तरी संकटात कोण कुठे आहे हे दूतावासाला आपोआप कळत नाही. प्रवासाचा तपशील दूतावासाला कळवावा, घरीही लेखी ठेवावा. बँका आणि मोबाइल बंद पडतील असे धरून हाताशी रोकड बाळगावी. मिरवणूक, जमाव, जळणारी इमारत यांचे चित्रीकरण करायला थांबू नये.

सहली नेणाऱ्या संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. परिस्थिती बिघडली, तर तारीख बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची अट त्यांनी लेखी द्यावी. पैसे बुडतील या धास्तीने लोक पुढे जातात आणि नको तिथे अडकतात.

सरसकट पाठ फिरवणे हेही उत्तर नव्हे. पाठीवर ओझे वाहणारा भारवाहक, वाट दाखवणारा गाइड, वाटेवर खानावळ चालवणारी बाई यांचे वर्ष बरेचसे ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन महिन्यांवर चालते. ज्यांनी काही जाळले नाही, त्यांच्या चुली त्या आगीची किंमत मोजतात.

नेपाळला जरूर जा. पण स्थानिक गाइडसोबत, परतीच्या दोन वाटा आखून आणि माघारी फिरण्याची मनाची तयारी ठेवून. ट्रेक मध्येच सोडावा लागला, तरी भारवाहकाची ठरलेली मजुरी पूर्ण द्या. शिखरे पुढच्या वर्षीही तिथेच असतील. आपण आणि आपले सोबती सुखरूप राहायला हवेत.