सूचिपत्र आहे, म्हणूनच हवं

औषधसंशोधनात एआयचा विषय निघाला की एक आक्षेप ठरलेला असतो: यंत्राला नवं काही सुचत नाही, माणसांनी लिहून ठेवलेलंच ते इकडचं तिकडे करतं. या कामात वापरला जाणारा नॉलेज ग्राफ म्हणजे तरी काय? औषध, जनुक, रोग, लक्षण हे ठिपके आणि त्यांच्यातल्या संबंधांच्या रेघा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेटिओनेट’ या खुल्या ग्राफमध्ये ४७,०३१ ठिपके आणि सुमारे साडेबावीस लाख रेघा आहेत, आणि सगळा माल आधीच्या संशोधनातून गोळा केलेला. हे तर फुगवलेलं सूचिपत्र!

सूचिपत्र आहे, हे मान्य. सूचिपत्रातून शोध लागत नाही, हे अमान्य.

शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॅन्सन डॉक्टर नव्हते, ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते. रेनोच्या विकारात थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आखडतो, बोटं पांढरीफटक पडतात. या रुग्णांचं रक्त दाट असतं, असं सांगणारे निबंध एका कपाटात होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असं सांगणारे दुसऱ्या कपाटात. दोन्हीकडच्या लेखकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९८६ मध्ये स्वॅन्सननी प्रयोगशाळेची पायरीही न चढता ही दोन टोकं जोडून दाखवली. १९८९ मध्ये रुग्णांवरची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना हा विकार दुसऱ्या कुठल्या रोगामुळे झालेला नव्हता, त्यांना तेलाचा फायदा दिसला, बाकीच्यांना नाही. स्वॅन्सनना हे जमलं दोन कपाटांपुरतं. आज कपाटांची मोजदाद कोण करणार?

फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या ‘बेनेव्होलंट एआय’ने अशाच ग्राफमधून बॅरिसिटिनिब हे आमवातावरचं औषध कोविडसाठी सुचवलं. वाट अशी होती: विषाणूला पेशीत शिरायला एक यंत्रणा लागते, त्या यंत्रणेला एएके-१ हे प्रथिन लागतं, बॅरिसिटिनिब एएके-१ला अडवतं. शिवाय ते दाहही कमी करतं. पुढे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत, आठ हजारांवर रुग्णांमध्ये, शंभरी चौदा मृत्यू होत होते ते बारावर आले. भारतातही २०२१च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, या औषधाला आणीबाणीची परवानगी मिळाली.

इथे विरोधक म्हणतील, फायदा झाला तो मुख्यतः दाह शमल्याने, एएके-१ची मोठी गोष्ट बाजूलाच राहिली. बरोबर आहे. पण हे त्यांना म्हणता येतं ते वाट समोर मांडलेली होती म्हणून! कोणती रेघ टिकली, कोणती लटकी ठरली, हे बोट ठेवून सांगता येतं. नुसत्या भाषा-मॉडेलला विचारा. ते तितक्याच ठामपणे उत्तर देईल आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेला निबंधही पुराव्याला हजर करेल. त्याच्याशी वाद घालायचा तरी कशाच्या आधारावर?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निबंधच खोटा असेल तर? अल्झायमरवरचा ‘नेचर’मधला २००६चा एक गाजलेला निबंध चित्रांमध्ये फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घेतला गेला. अठरा वर्षं तो शेकडो डोक्यांत घर करून होता. डोक्यातून तो कसा पुसायचा, मला माहीत नाही. ग्राफमधली रेघ मात्र पुसता येते, आणि तिच्यावर कोणकोणते निष्कर्ष उभे होते तेही लगेच दिसतं. अट एकच, प्रत्येक रेघेला तिचा उगम चिकटवलेला हवा.

आता प्रयोगशाळेची गरजच संपली म्हणणाऱ्या उत्साही मंडळींविषयी. त्यांना एकच दाखला पुरे. बॅरिसिटिनिब सुचवणाऱ्या त्याच कंपनीचं इसबावरचं स्वतःचं औषध २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत आपटलं.

ग्राफची खरी उणीव मात्र या दोन्ही पक्षांच्या नजरेत येत नाही, आणि ती आपल्या दाराशी आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये एका भारतीय वैद्यकीय मासिकात लिहिलं. पश्चिमेने दखल घेतली ती १९४९ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्यावर. मधली अठरा वर्षं ज्ञान होतं, रेघ नव्हती. आज तरी काय वेगळं आहे? बहुतेक ग्राफ ज्या मेडलाइन सूचीवर पोसले जातात, ती साधारण १९४६पासूनची. त्याआधीचं आणि तिच्या यादीत नसलेल्या मासिकांतलं सगळं यंत्राच्या लेखी घडलेलंच नाही.

म्हणून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना एक विनंती. एआयच्या परिषदा भरवा, मंडप घाला, हरकत नाही. त्याआधी ग्रंथालयाचा तळमजला उघडा आणि कसर लागण्यापूर्वी ते जुने अंक स्कॅन करून घ्या.