दीडपट वेगाचा सिनेमा

मोबाइलवर सिनेमा दीडपट वेगाने बघता येतो, हे तुम्हा तरुण मंडळींना मी सांगायला नको. यूट्यूबवर तर दुपटीची सोय आहे. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये अँड्रॉइड फोनवर ही सोय करून पाहिली, तेव्हा हॉलिवूडचे काही दिग्दर्शक चांगलेच चिडले होते. तरी २०२० मध्ये ती आलीच. आमची नात बहुतेक सगळं असंच बघते. तिचं म्हणणं, "आजोबा, गोष्ट तर तीच कळते ना? मग ४० मिनिटं वाचली तर बिघडलं कुठे?" दोन तासांचा सिनेमा ८० मिनिटांत संपतो, तेव्हा हिशेब बरोबरच आहे. (गणितात ती पहिल्यापासून हुशार!)

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ चित्रं निघत, कधी १८, कधी २०. नेम नसे. मग बोलपट आले. फिल्मच्या कडेलाच आवाज उमटवायचा म्हटल्यावर वेग कमी-जास्त होऊन चालेना, कारण वेग बदलला की आवाजाची पट्टीही बदलते. म्हणून सेकंदाला २४ चित्रं हे प्रमाण ठरलं. आता १६ च्या वेगाने घेतलेला मूकपट २४ च्या यंत्रावर चढवला की त्यातली माणसं तुरुतुरु पळायला लागत. लहानपणी आम्हाला वाटे, त्या काळी माणसं अशीच चालत असावीत! १६ चे २४ म्हणजे बरोबर दीडपट. जो दोष घालवण्यासाठी जाणकारांनी पुढे इतकी खटपट केली, तोच आपण आता हौसेने बटण दाबून परत आणतो आहोत.

पूर्वी टेप जोरात फिरवली की आवाज चिरका व्हायचा, त्यामुळे तसं कुणी ऐकत बसत नसे. आता यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांजवळ सरकवतं आणि पट्टी मात्र तीच ठेवतं. म्हणजे काही बिघडलंय हे कानाला कळतच नाही. खरी गोम इथे आहे.

शब्द दीडपट वेगाने आले तरी समजतात, हे मला मान्य आहे. पण सिनेमात शब्द नसलेल्या जागा असतात, त्यांचं काय?

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आठवा. शाळेजवळ जब्याचं घरदार डुक्कर पकडायला धावतंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही. ज्या व्यवस्थेने या माणसांना गावाबाहेर ठेवलं, तिच्याच गीताचा मान राखत ती ताटकळत उभी आहेत, आणि आपण बघत बसतो. त्या अवघडलेपणाला काही एक वेळ लागतो. तोच त्या प्रसंगाचा अर्थ आहे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत म्हणावं असा संकेत आहे. मी आयुष्यभर ते मुलांकडून म्हणवून घेतलं. कुणी घाईने उरकलं तर परत म्हणायला लावत असे. दीडपट वेगाने ते ३५ सेकंदांत आटोपेल. नातीला मी एवढंच विचारलं, की शाळेच्या मैदानावर तू हे चालवून घेतलं असतंस का?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये सुट्टी लागते आणि न्यायालयाचे दिवे मालवले जातात. पडद्यावर नुसता अंधार. आपल्याला वाटतं संपला सिनेमा. त्या अंधारात आरोपी, वकील, न्यायाधीश सगळे डोक्यात फिरत राहतात. हात बटणाकडे असला तर तिथे फक्त 'काही घडत नाही' एवढंच दिसणार.

वर्गात प्रकट वाचन घेताना मुलं पूर्णविराम गिळून पुढे धावायची, तेव्हा मी थांबवायचो. धडा सगळा वाचून व्हायचा, पण काय वाचलं ते विचारलं की गप्प. असो.

या सोयीला सरसकट नावं ठेवायची नाहीत मला. अमेरिकेतल्या अंध व्यक्तींच्या आणि कर्णबधिरांच्या संघटनांनी तिचं स्वागतच केलं. अनेक अंध लोकांना भरभर ऐकायची सवय असते, आणि ज्यांना खालची अक्षरं वाचावी लागतात त्यांना वेग कमी करता आला तर बरं पडतं. माझेही कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा खालच्या अक्षरांचे उपकार मी जाणतो. शिवाय 'संत तुकाराम' (१९३६) सारखा प्रभातचा चित्रपट घरबसल्या फोनवर बघायला मिळेल, हे आमच्या तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

तेव्हा फोन असू दे, छोटा पडदा असू दे, मधेच थांबवून चहा घ्या, दोन दिवसांत मिळून बघा. फक्त वेग त्या बनवणाऱ्याचा ठेवा. घाई भागवायची असेल तर वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चा आहेत की. त्या मी स्वतः दुप्पट वेगाने ऐकतो, आणि अजून तरी काही चुकल्यासारखं वाटलेलं नाही.