चित्र-पोस्टकार्डांतले नाशिक आणि चौकटीबाहेरची शाळा

१/ नाशिकच्या जुन्या शाळा-महाविद्यालयांची चित्र-पोस्टकार्डे समाजमाध्यमांवर फिरू लागली की त्यांखाली एक उद्गार हमखास उमटतो : ‘काय तो शिक्षणाचा सुवर्णकाळ!’ हा उद्गार मला सपशेल अमान्य आहे. कार्ड खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

२/ चित्र-पोस्टकार्डांचा बहर साधारण १९०० ते १९१४ या वर्षांतला. ती व्यापाराची वस्तू होती. जे खपेल तेच छापले जाई. नाशिक म्हटले की रामकुंड, घाट, मंदिरे. शाळा झळकली तर ती देखणी वास्तू म्हणून. आत कोण शिकतो, हा प्रश्न विक्रेत्याचा नव्हताच.

३/ त्याच काळातील १९११ची जनगणना पाहा. हिंदुस्थानात दर १०० माणसांत जेमतेम ६ साक्षर. स्त्रियांत १०० मागे १. कार्डाच्या पाठीवर चार ओळी लिहिता येणे, हाच तेव्हा मोठा विशेषाधिकार होता.

४/ आता चौकटीच्या आधीचे पाहू. नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या शाळेत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३ साली आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी त्याच्या तांड्यात होता. १८७४ साली वेस्टमिन्स्टर अॅबीतील अंत्ययात्रेतही तो होता. नाशिकच्या शाळेची ही जागतिक कथा चित्र-पोस्टकार्डांच्या बहराआधीच घडून गेली.

५/ आणि नंतरचे? १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून उदोजी मराठा वसतिगृह उभे राहिले. १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी आली. १९२४ साली तिचे महाविद्यालय, आजचे ‘एचपीटी’. म्हणजे शिक्षणाचे दार किलकिले झाले, तेव्हा पोस्टकार्डांचा बहर ओसरत होता.

६/ ते दारही सर्वांना सारखे उघडे नव्हते. महाविद्यालय निघाल्यानंतर सहाच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच शहरात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ज्या शहरात देवळाच्या पायरीसाठी लढावे लागले, तेथील वर्गातला बाक सर्वांना सहज लाभला असेल काय? ‘सुवर्णकाळ’ म्हणणाऱ्याने आधी सांगावे : कोणाचा?

७/ कोणी म्हणेल, ‘निदान इमारत तरी कळते!’ कळते, पण सावधपणे पाहिले तर. एकच छायाचित्र वर्षानुवर्षे पुन्हा छापले जाई. म्हणून टपाल-शिक्क्यावरची तारीख ही छायाचित्राची तारीख नव्हे. अनेक कार्डांचे रंग युरोपातल्या छापखान्यांत चढवलेले. नाशिकचे आभाळ तिथल्या रंगाऱ्याने पाहिलेलेही नसे.

८/ तेव्हा मित्रहो, कार्डे जरूर जमवा. परंतु इतिहास लिहायचा तर शाळेची प्रवेश-नोंदवही, वसतिगृहाचा जमाखर्च, वार्षिक अहवाल आणि १८८३चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर हाती घ्या. आपल्या घरात पहिल्यांदा शाळेची पायरी कोण चढले, ते आजीला विचारा. तिचे उत्तर कोणत्याही कार्डावर छापलेले नाही. ते आज विचारले नाही, तर उद्या ‘सुवर्णकाळ’ म्हणणाऱ्यांना खोडून काढायला पुरावाच उरणार नाही.