हाताची साक्ष

रोगी समोर आला की डॉक्टराने प्रथम काय करावे, याविषयी आपल्या घराघरांतून दोन परस्परविरोधी मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "पूर्वीचे डॉक्टर नाडीवर बोट ठेवून रोग ओळखीत, आताच्यांना कागदावरील आकड्यांवाचून काही सुचत नाही." तरुण म्हणतात, "रक्त तपासता येते, छातीचा फोटो काढता येतो; मग हाताने चाचपण्यात वेळ का दवडावा?" माझ्या मते ही दोन्ही मते सारखीच आळशी आहेत. डॉक्टराचा हात आणि कान हे साक्षीदार आहेत. साक्षीदाराची उलटतपासणी न करताच त्याला डोक्यावर घेणे जसे अन्यायाचे, तसेच त्याला न्यायालयाबाहेर हाकलणेही अन्यायाचे.

डॉक्टर रोग्याला न्याहाळतो, चाचपतो, बोटाने ठोकतो आणि त्याच्या छातीचे ध्वनी ऐकतो. यांपैकी ठोकून पाहण्याची रीत आपल्याला परकी नाही. फणस पिकला की नाही, हे आपण त्यावर थाप मारूनच ठरवतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे एका खाणावळवाल्याच्या घरी जन्मलेल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टराने हीच युक्ती माणसाच्या छातीवर योजली. वडिलांच्या तळघरातील पिंपे ठोकताना ती त्याला सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सात वर्षे निरीक्षण केल्यावर १७६१ साली त्याने आपले छोटेसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. तत्पूर्वी शवाच्या छातीत पाणी भरून, ते जेथवर चढते तेथवर आवाज बद्द होतो की नाही, हेही त्याने पडताळून पाहिले होते. त्याच्या या शोधाकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १८०८ साली कोर्व्हिसार या फ्रेंच डॉक्टराने त्याचे भाषांतर केले, तेव्हा कोठे त्याला प्रतिष्ठा लाभली.

पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लायनेक याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून एका तरुणीच्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. त्यानेही केवळ ऐकून समाधान मानले नाही. रोगी जिवंत असताना ऐकलेला ध्वनी आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेला बिघाड यांचा तो ताळा पाहत असे. गणित सोडवल्यावर ताळा पाहावा, हे आपण वर्गात शिकतो. या दोघांनी तोच नियम रुग्णशय्येपाशी पाळला.

खेदाची गोष्ट अशी की पुढील कित्येक पिढ्यांनी त्यांची युक्ती उचलली आणि ताळा मात्र मागे ठेवला. गुरूला ऐकू आलेला ध्वनी शिष्यालाही ऐकू आलाच पाहिजे, असा दंडक पडला. ज्याला ऐकू येत नसे, तो मान डोलावून गप्प बसे.

दोन डॉक्टरांचे एकमत झाले म्हणजे निदान पक्के, असे आपण समजतो. येथे थोडे गणित करू. दोन परीक्षकांनी १०० उत्तरपत्रिका न वाचताच, मनाला येईल त्याप्रमाणे, प्रत्येकी ९० उत्तीर्ण आणि १० अनुत्तीर्ण ठरवल्या, अशी कल्पना करा. तरीही सरासरीने ८१ पत्रिकांना दोघेही उत्तीर्ण म्हणतील आणि एका पत्रिकेला दोघेही अनुत्तीर्ण म्हणतील. म्हणजे एक अक्षरही न वाचता ८२ पत्रिकांवर एकमत! अशा योगायोगाचे एकमत वजा करून खरे एकमत किती उरते, हे मोजण्याची रीत जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. ती वैद्यकातही रुजली. १९८८ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात अशीच एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत २४ डॉक्टरांनी छातीचे विकार असलेले रोगी गटागटाने तपासले. ठोकल्यावर येणारा बद्द आवाज आणि श्वासातील शिट्टीसारखा ध्वनी यांविषयी त्यांचे बऱ्यापैकी जुळले. परंतु रोग्याने कुजबुजलेला शब्द छातीवर स्पष्ट ऐकू येतो की नाही, या पाठ्यपुस्तकातील नामांकित लक्षणाविषयी त्यांचे एकमत योगायोगाहून फारसे अधिक नव्हते.

तर मग हे शास्त्रच मोडीत काढावे काय? मुळीच नाही. प्रत्येक लक्षणाची किंमत वेगळी असते आणि ती मोजता येते, एवढेच यावरून सिद्ध झाले. शिवाय लक्षण 'असणे' आणि 'नसणे' यांचे मोलही सारखे नसते. खालची पापणी ओढून पाहिली असता आतील भाग स्पष्ट फिका दिसला, तर रक्तक्षयाचा संशय बळावतो. पण तो लाल दिसला म्हणून रक्तक्षय नाहीच, असे म्हणता येत नाही. नाडीचे नेमके उलट आहे. उतारवयात हृदयाचा ताल बिघडण्याचा जो विकार आढळतो, तो नाडी पूर्ण नियमित असेल तर बहुधा नसतो. मात्र ती अनियमित लागली, तर तो आहेच असे न मानता ईसीजी काढून खात्री करावी लागते. नाडीपरीक्षेचा अभिमान जरूर बाळगावा. पण नाडी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे जाणून बाळगावा.

मोजून घेतलेली साधी परीक्षा किती उपकारक ठरते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे लहान मुलाचा श्वास. खोकला झालेल्या मुलाचे श्वास मिनिटाला किती, यावरून न्युमोनियाचा संशय घेण्याचे नियम जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिले आहेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे 'जलद' समजावे. मूल रडत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. श्वास जलद असलेल्या प्रत्येक मुलाला न्युमोनिया असतोच असे नाही. तथापि जेथे क्ष-किरणांचे यंत्र पोहोचले नाही, तेथे एक घड्याळ आणि मोजण्याची शिस्त असलेली आरोग्यसेविका मुलाला वेळेवर दवाखान्यात धाडू शकते. येथे हाताच्या साक्षीवर एका जिवाचे भवितव्य अवलंबून असते.

'यंत्र चुकत नाही' असे म्हणणाऱ्यांनी रक्तदाबाचे उदाहरण आठवावे. दंडाला गुंडाळलेला पट्टा अरुंद असला, हाताला आधार नसला किंवा रोगी बोलत असला, तर निर्दोष यंत्रही वाजवीपेक्षा अधिक आकडा दाखवते. अशा एकाच आकड्यावरून एखाद्याच्या कपाळी जन्मभराचे औषध येऊ शकते. यंत्रालाही काळजीपूर्वक हात लागतो. आणि कोणते यंत्र केव्हा वापरावे, हेही रोग्याला नीट तपासल्यानंतरच उमगते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील. सर्वच जण केव्हा ना केव्हा रोगी होतील. डॉक्टर व्हाल तेव्हा जे ऐकू आले नाही ते ऐकू आले म्हणू नका, आणि जे ऐकू आले त्याचा ताळा पाहिल्यावाचून राहू नका. रोगी व्हाल तेव्हा, जो डॉक्टर तुमच्या छातीवर शांतपणे हात ठेवतो आणि मग "याची खात्री करून घेऊ" असे म्हणतो, त्याला कच्चा समजू नका. आपल्या साक्षीची मर्यादा ओळखणारा तो साक्षीदार आहे, आणि विश्वास ठेवावा तो अशावरच.